घरच्या घरी गाडी रंगवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चारचाकीचा एखादा दरवाजा, बंपर, दुचाकीची टाकी किंवा पूर्ण गाडी घरी रंगवायला घेणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे नेहमीच्या रंगांचे आहेत. तुमच्या डब्यावर किंवा रंगाच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरच्या रंगकामात जे बिघडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: वरच्या थराला खाली पकड मिळालेली नसते, किंवा खालच्या थरातला थिनर उडून जायच्या आत वरचा थर मारलेला असतो. पुढची बरीच उत्तरं फिरून याच दोन गोष्टींवर येतात.

१. मी याआधी कधी रंगकाम केलेलं नाही. घरी गाडी रंगवणं जमेल का?

सुटा निघणारा भाग जमेल: आरशाचं कव्हर, बंपर, दुचाकीचं मडगार्ड. पूर्ण गाडी पहिल्या खेपेला घेऊ नका. कड ओली असतानाच पुढचा भाग रंगवत छत, बॉनेट आणि चारही बाजू उरकाव्या लागतात. मध्ये रेंगाळलात की सुकत आलेल्या भागावर रंगाची पूड बसते आणि हात फिरवला की खरखरीत लागतं. रंगाचाही फरक पडतो. पांढरा रंग पत्र्यातल्या बारीक लाटा झाकतो, काळा एकूण एक लाट दाखवतो आणि चंदेरी मेटॅलिक जुळवणं सगळ्यात अवघड.

एक मधला मार्ग आम्ही मनापासून सुचवतो. घासणं, लांबी (खळगे बुजवायची पेस्ट) आणि प्रायमर घरी करा. बेस कोट (रंगाचा थर) आणि क्लिअर (त्यावरचा पारदर्शक थर) तेवढं पेंटिंग बूथ असलेल्या गॅरेजातून मारून घ्या. कामाचे बहुतेक तास तयारीतच जातात, ते तुमच्या हातचे आहेत. फवाऱ्याचा सगळ्यात घातक भागही त्यामुळे टळतो (प्रश्न ४).

२. गाडीच्या रंगात नेमके किती थर असतात?

खालून वर: पत्र्याला धरणारा आणि गंज रोखणारा प्रायमर, गरज असेल तिथे लांबी, बारीक ओरखडे बुजवणारा जाडसर सर्फेसर, मग रंगाचा बेस कोट आणि शेवटी क्लिअर. बेस कोट सुकला की मंद, चमक नसलेला दिसतो. त्यात काही चुकलेलं नसतं. चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण क्लिअर देतं. काही सॉलिड (धातूचे कण नसलेल्या) रंगांत बेस आणि क्लिअरऐवजी एकच चकचकीत थर असतो, त्याला सिंगल स्टेज म्हणतात.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या-दहाव्या हिश्शाइतकी. त्यात क्लिअर जेमतेम ४०-५० मायक्रॉन. पॉलिश करताना हा आकडा डोक्यात ठेवा.

३. वन-के आणि टू-के यांत फरक काय?

वन-के रंग थिनर उडून सुकतो, त्यात हार्डनर (थर कडक करणारं रसायन) नसतं. सुकल्यावरही बऱ्याच वन-के रंगांवर थिनरचा बोळा फिरवला तर रंग पुन्हा विरघळतो. टू-केमध्ये हार्डनर मिसळावं लागतं आणि रासायनिक क्रियेने थर कडक होतो. मग पेट्रोल, थिनर, ऊन यांना तो चांगला तोंड देतो. नेहमीची जोडी अशी: बेस कोट वन-के, त्यावर क्लिअर टू-के.

मिश्रणाचं प्रमाण डब्यावर असतं. क्लिअरला बहुतेक वेळा २ भाग क्लिअर आणि १ भाग हार्डनर, सर्फेसरला अनेकदा ४ भागांना १. अंदाजाने ओतू नका, मापाच्या रेघा असलेला कप वापरा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त टाकण्याची खोड फार दिसते. त्याने थर ठिसूळ होतो. थंडी असेल तर जलद प्रकारचं हार्डनर घ्या, प्रमाण तेच ठेवा.

४. साधा मास्क लावून टू-के क्लिअर मारलं तर चालेल का?

नाही. या पानावरचं हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल.

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याच्या तुषारांतून ते फुप्फुसात गेलं की दमा जडू शकतो. वास येईपर्यंत त्याचं प्रमाण घातक पातळीच्या पुढे गेलेलं असतं, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब इथे चालत नाही. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो, आणि ती संवेदनशीलता सहसा आयुष्यभर जात नाही.

धुळीचा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. कार्बनच्या डब्या लावलेला अर्धा मास्क वन-के रंगातल्या थिनरच्या वाफांना पुरतो. टू-केच्या फवाऱ्यासाठी मात्र बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा, कारण कार्बनची डबी संपली हे नाकाला कळत नाही. दाढी असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा कुठलाही मास्क कडेने गळतो. सोबत नायट्राइल हातमोजे, पूर्ण अंग झाकणारा सूट आणि डोळे झाकणारा चष्मा लागतोच. फवारा थांबला तरी तुषार हवेत तरंगत राहतात. मास्क आत काढू नका, बाहेर येऊन काढा. घरातली मुलं, शेजारी आणि पाळीव प्राणी या वेळात लांब असले पाहिजेत.

हवा पुरवणारा मास्क नसेल तर टू-के मारू नका. ते काम बाहेरून करून घ्या.

५. स्प्रे कॅन घ्यावा की गन?

आरशाचं कव्हर, बंपरचा कोपरा किंवा दुचाकीचे भाग एवढंच काम असेल तर कॅन पुरतो. एका दरवाजापेक्षा मोठं काम गननेच करा, कारण कॅनचा पट्टा अरुंद असतो आणि मोठ्या सपाट भागावर पट्ट्यांचे सांधे दिसतात. कॅन किमान दोन मिनिटं हलवा. थंडीत कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवला तर फवारा बारीक येतो. गरम पाणी किंवा शेगडी अजिबात नको.

टू-के क्लिअर कॅनमध्येही मिळतं. बुडातली कळ दाबली की आतली हार्डनरची कुपी फुटते आणि त्यानंतर कॅनवर लिहिलेल्या मुदतीतच तो संपवावा लागतो. कॅनमधलं आयसोसायनेटही तेवढंच घातक, म्हणून प्रश्न ४ त्यालाही लागू.

६. माझ्याकडे छोटा कॉम्प्रेसर आहे. तो चालेल का?

टाकी किती लिटरची यापेक्षा मिनिटाला किती हवा मिळते हे पाहा. एचव्हीएलपी (कमी दाबावर जास्त हवा वापरणाऱ्या) गनला साधारण मिनिटाला २५० ते ४०० लिटर हवा लागते. छोटा कॉम्प्रेसर तेवढी देऊ शकत नाही, दाब अर्ध्यातच पडतो आणि फवारा जाड थेंबांचा होतो. कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा आकडा बहुधा हवा ओढून घेण्याचा असतो; प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून कमी. लहान कॉम्प्रेसरवर छोटी टचअप गन लावून एकेक भाग करता येतो.

गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर बसवा. दाबलेली हवा थंड होते तसं पाईपात पाणी साचतं, आणि त्याचा एक थेंब पूर्ण बॉनेट बिघडवतो.

७. किती रंग आणावा?

मध्यम आकाराच्या चारचाकीला बाहेरून पूर्ण रंगवायचं तर पातळ केलेला, मारायला तयार असा बेस कोट ३ ते ४ लिटर आणि क्लिअर सुमारे ३ लिटर धरा. एका दरवाजाला किंवा बॉनेटला बेस ४००-५०० मिली आणि क्लिअर ३००-४०० मिली. ४०० मिलीच्या कॅनने करत असाल तर बॉनेटला बेसचे दोन आणि क्लिअरचे दोन कॅन. थोडा जास्तच आणा. मेटॅलिक रंग मध्येच संपून दुसऱ्या दिवशी नवा मिसळून घेतला तर छटा हमखास हलते. दोन डबे असतील तर सुरुवातीलाच एका भांड्यात एकत्र करा.

८. माझ्या गाडीचा कलर कोड कुठे सापडेल?

चारचाकीत बहुधा चालकाच्या दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा डिकीत स्टेपनीजवळच्या पट्टीवर. दुचाकीत अनेकदा सीटखाली. कोड मिळाला म्हणजे छटा जुळलीच असं समजू नका: एकाच कोडच्या दोन-तीन छटा असतात, शिवाय जुना रंग उन्हाने बदललेला असतो. एका कार्डावर बेस आणि क्लिअर दोन्ही मारून ते सुकू द्या, मग उन्हात गाडीला लावून पाहा. ओल्या रंगावरून काहीच ठरवू नका.

९. जुना रंग पूर्ण खरवडून काढावा लागतो का?

बहुतेक वेळा नाही. घट्ट बसलेला कारखान्याचा रंग हा सगळ्यात चांगला पाया. तो पत्र्यापर्यंत काढलात तर गंजापासूनचं मूळ संरक्षणही जातं. चमक जाईपर्यंत घासून त्यावर पुढचे थर घ्या. सोलणारा, फुगलेला, तडकलेला रंग मात्र काढायलाच हवा, आणि घट्ट भागापर्यंत कड उतरती करून घ्यायची. बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये.

आधी कोणीतरी गाडी रंगवली असेल तर एक चाचणी करा. थिनरमध्ये भिजवलेला बोळा कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून ठेवा. रंग बोळ्याला लागला किंवा मऊ पडला तर खाली वन-के आहे आणि प्रश्न २४ मधला धोका आहे. फार जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं, तिथे ओलं घासा आणि मास्क लावा.

१०. गंजावर थेट प्रायमर मारला तर चालतं का?

चालत नाही. खाली गंज राहिला की तो वाढतो आणि रंगाला फोड येतात. पत्रा चकाकेपर्यंत घासा. खळग्यांत काळे ठिपके उरतील, तिथे तारेचा ब्रश किंवा सँडब्लास्टिंग. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात (थर). गंज बदलणारं आम्लयुक्त द्रव्य वापरलंत तर ते सांगितल्याप्रमाणे धुऊन, पूर्ण सुकवून मगच पुढे जा: उरलेलं आम्ल इपॉक्सीला नीट कडक होऊ देत नाही.

उघडा पत्रा रात्रभर तसा ठेवू नका, दमट हवेत काही तासांत त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आरपार जात असेल तर ते रंगाचं काम नाही, पत्रा कापून वेल्डिंग करावं लागेल. भोकावर लांबी थापून उपयोग नाही, ती मागून पाणी पिते.

११. लांबी कशी भरायची? माझी लांबी उखडते किंवा तिला बारीक छिद्रं पडतात.

आधी पोचा जमेल तितका ठोकून वर आणा. लांबीचा थर २-३ मिमीच्या आत राहिला पाहिजे. लांबी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर किंवा कडक झालेल्या आणि घासलेल्या इपॉक्सीवर बसते. आम्लयुक्त एच (etch) प्रायमरवर ती भरू नका, तिथे पकड धरत नाही.

१०० ग्रॅम लांबीला २ ते ३ ग्रॅम हार्डनर. पात्याने फेटू नका, फळीवर दाबून पसरवा आणि परत गोळा करा. फेटलं की हवा अडकते आणि घासताना तीच हवा छिद्रं होऊन वर येते. हार्डनरच्या रंगाची एकही रेघ दिसेनाशी झाली की मिश्रण तयार. त्यानंतर हातात ४ ते ६ मिनिटं असतात. पहिला हात पातळ आणि जोर देऊन रगडून भरा, म्हणजे ओरखड्यांत शिरतो. मग वर जाड हात द्या. हार्डनर जास्त झालं तर आठवड्यांनी वरच्या रंगावर पिवळसर डाग उमटतात.

लांबी कोरडीच घासा. ती पाणी शोषते, आणि ते पाणी पुढे फोड आणि गंज होऊन बाहेर येतं.

१२. कुठल्या टप्प्याला कुठला पॉलिश पेपर?

लांबीला आकार द्यायला ८०, मग १२०, १८०, शेवटी २४० ते ३२०. सर्फेसरवर ४०० ने सुरुवात करून सॉलिड रंगासाठी ५००-६०० वर थांबा, मेटॅलिकसाठी ८०० पर्यंत जा. जुन्या चांगल्या क्लिअरवर रंग बसवायचा तर ६०० ते ८००, कडा आणि खाचांत राखाडी घासणी (स्कफ पॅड). एका नंबरवरून दुसऱ्यावर जाताना मोठी उडी घेऊ नका. ८० ची रेघ ३२० ने जात नाही, ती प्रायमरखाली दबा धरून बसते (प्रश्न २५).

आकड्याआधी ‘पी’ आहे का ते बघा. वरचे सगळे आकडे पी श्रेणीचे आहेत. साधारण २२० पर्यंत दोन्ही मोजण्या जवळपास सारख्या, पुढे फरक वाढत जातो: ‘पी’ नसलेला ६०० हा पी १२०० इतका बारीक असतो, आणि तो सर्फेसरला वापरलात तर बेस कोटला पकड कमी पडते.

१३. हाताला सपाट लागतं, पण क्लिअर मारल्यावर लाटा दिसतात. आधी कसं ओळखायचं?

गाइड कोटने. सर्फेसर सुकल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवा किंवा काळी पूड चोळा, आणि पेपर कडक ठोकळ्याला गुंडाळून तिरक्या फुलीत घासा. उंचवट्यावरचं काळं लगेच जातं, खळग्यातलं राहतं. पेनाच्या टोकाएवढे ठिपके राहिले तर ती छिद्रं, लांब काळे केस राहिले तर त्या जाड पेपरच्या रेघा, आणि तळहाताएवढा काळा ढग राहिला तर ती लाट. काळं जाईपर्यंत बोटांनी घासत बसू नका, त्याने खळगा आणखी खोल होतो. सर्फेसरचा आणखी हात द्या. घासताना खालचा पत्रा उघडा पडला तर तिथेही परत प्रायमर.

१४. प्लॅस्टिक बंपरवरचा रंग सोलून निघतो. काय चुकतं?

बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्याला रंग चिकटत नाही. भागाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकची खूण कोरलेली असते. नवा कोरा बंपर गरम साबणपाण्याने दोनदा धुवा, साच्यातून सोडवण्यासाठी लावलेला तेलकट थर त्यावर असतो. मग राखाडी घासणी, प्लॅस्टिकसाठीचं क्लीनर, पातळ ॲडहेशन प्रमोटर (प्लॅस्टिकवर रंगाला पकड देणारा थर), आणि डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत पुढचा थर. आधीच रंगवलेल्या बंपरवर जुना रंग शाबूत असेल तर प्रमोटर फक्त उघड्या प्लॅस्टिकवर लागतो. मऊ, वाकणाऱ्या भागांसाठी क्लिअरमध्ये लवचीकपणा देणारं मिश्रण घालतात.

१५. जागा आणि हवामान कसं हवं?

तापमान २० ते २५ अंश, हवा कोरडी, ऊन थेट नको. पत्र्याला हात लावून पाहा: हवा गरम पण पत्रा थंड असेल तर त्यावर न दिसणारं दव धरतं. पावसाळी दिवस टाळा. उघड्यावर किडे आणि धूळ बसते, बंद खोलीत थिनरच्या वाफा साचतात. एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर अशी वाट ठेवा, आत येणाऱ्या हवेला जाळीदार फिल्टर लावा. जमीन आधी झाडून ओली करा.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत लांबवर सरकते. गिझरची ज्योत, हीटर, साध्या पंख्याच्या मोटरची ठिणगी, सगळं बंद हवं.

१६. वर्तमानपत्राने झाकलं तर चालेल का?

चाकं आणि लांबचा भाग झाकायला ठीक. रंगाच्या कडेला नको, शाई थिनरमध्ये सुटते आणि कागदाचे तंतू उडतात. साधी घरगुती चिकटपट्टीही नको, मास्किंग टेपच घ्या. जिथे निघेल तिथे रबर, हँडल, दिवा काढूनच ठेवा. टेप लावून केलेली कड काही महिन्यांनी तिथूनच सोलायला लागते. टेप क्लिअर बोटाला चिकटेनासं झाल्यावर पण कडक व्हायच्या आत, मागे दुमडून ओढा.

१७. गनचं सेटिंग काय ठेवू आणि हात कसा फिरवू?

बेस आणि क्लिअरला १.३ ते १.४ मिमीचं नोझल, सर्फेसरला १.६ ते १.८. एचव्हीएलपी गनला आत शिरणारा दाब साधारण २ बार, ट्रिगर दाबलेलं असताना मोजलेला.

भिंतीवर कागद लावा, १५-२० सेमीवरून क्षणभर ट्रिगर दाबा. उभा, दोन्ही टोकांना निमुळता ठसा यायला हवा. मधे कंबर बारीक झाली तर दाब जास्त, पोट फुगलं तर दाब कमी किंवा रंग जाड, ठसा केळ्यासारखा वाकला तर हवेचं एक छिद्र बुजलंय.

मनगट न वळवता पूर्ण हात पत्र्याला समांतर न्या. गन कडेच्या बाहेर असतानाच ट्रिगर दाबा, पलीकडच्या कडेबाहेर जाऊन सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर. नजर गनवर नको, मागे पडणाऱ्या ओल्या रंगातल्या दिव्याच्या प्रतिबिंबावर हवी. प्रतिबिंब दाणेदार दिसलं तर हात जरा सावकाश, अगदी आरशासारखं होऊन हलू लागलं तर ओघळ यायच्या बेतात आहे.

१८. बेस कोटचे किती हात? मेटॅलिकमध्ये पट्टे का दिसतात?

दोन ते तीन मध्यम हात, खालचा प्रायमर दिसेनासा होईपर्यंत. प्रत्येक हातानंतर ५ ते १० मिनिटं, पृष्ठभाग पूर्ण मंद होईपर्यंत थांबा. लाल आणि पिवळे रंग कमी झाकतात. खाली त्याच रंगसंगतीचा प्रायमर असेल तर दोन हात वाचतात.

मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. हात ओला पडला की ते बुडतात आणि तिथे गडद दिसतं, कोरडा पडला की वर राहतात आणि फिकं दिसतं. म्हणून शेवटी एक विरळ हात गन २५-३० सेमीवर नेऊन मारतात, त्याने कण सारखे पसरतात. पट्टे बेस कोटमध्येच दुरुस्त करा. क्लिअर ते लपवत नाही, उलट उठावदार करतं.

१९. बेसनंतर क्लिअर कधी मारायचं?

शेवटच्या हातानंतर १५ ते ३० मिनिटांनी, आणि बहुतेक रंगांना २४ तासांच्या आत. उशीर झाला तर बेस हलका घासून त्यावर पुन्हा एक हात द्यावा लागतो, नाहीतर क्लिअर पापुद्र्यासारखं सुटतं. मारण्याआधी चिकट कापड वजन न देता फिरवा.

क्लिअरचे दोन हात: पहिला मध्यम, दुसरा भरपूर ओला. मधला वेळ घड्याळापेक्षा टेपवर तपासा. मास्किंगवर पडलेल्या क्लिअरला हातमोज्याचं बोट टेकवा. बोट उचलताना तार आली तर थांबा. तार न येता नुसता ठसा उमटला तर दुसरा हात द्या.

२०. क्लिअरवर ओघळ आला. लगेच पुसू का?

हात लावू नका, सुकू द्या. ओघळाच्या पोटात थिनर अडकलेला असतो, म्हणून बाकीचा भाग कडक झाला तरी तो मऊ राहतो. दोन-तीन दिवस थांबा. नख रुतेनासं झालं की धारदार पातं घ्या, दोन्ही टोकांना टेपचा एकेक वेढा द्या म्हणजे फक्त मधला भाग कापेल, आणि पातं उभं धरून ओघळ किसत न्या. जवळपास सपाट झाला की छोट्या ठोकळ्यावर १५००, मग २०००, मग कंपाउंड (चमक आणणारी घासायची पेस्ट). बेस कोटमध्ये ओघळ आला तर सोपं: सुकवा, ८०० ने घासा, परत हात द्या.

२१. रंग मारता मारता गोल खड्डे पडले, मधे खालचा थर दिसतो.

याला माशाचे डोळे म्हणतात. कारण बहुधा सिलिकॉन किंवा तेल: डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, वॅक्स, कॉम्प्रेसरचं तेल, हाताचा घाम. पहिला डोळा दिसताच थांबा. वरून जाड हात दिलात तर खड्डे मोठे होतात. बेसमध्ये असतील तर सुकवून घासा आणि दोन-तीन विरळ हातांनी झाका. क्लिअरमध्ये असतील तर ते कडक होऊ द्या, सपाट घासा आणि नवीन क्लिअर मारा.

ते येऊच नयेत यासाठी घासण्याच्या आधी आणि नंतरही ग्रीस काढणारं क्लीनर दोन फडक्यांनी वापरा. एकाने ओलं पुसायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. नुसतं ओलं फिरवलं तर तेल जागा बदलतं, जात नाही.

२२. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला. पॉलिशने जाईल का?

कारणं: क्लिअर जाड, दाब कमी, गन लांब किंवा थिनर फार जलद. २४ ते ४८ तासांनी १५००, २०००, ३००० ने ओलं घासून कंपाउंड केलं की जातं. पण दोन हातांच्या क्लिअरची जाडी ५०-६० मायक्रॉनच. कडा आणि घड्यांवर ते आणखी पातळ असतं, तिथे टेप लावूनच घासा. घासायचंच ठरवलं असेल तर क्लिअरचा तिसरा हात आधीच द्या. बारीक साल कारखान्याच्या रंगातही असते. शेजारच्या दरवाजावर ती असताना आपलाच दरवाजा काचेसारखा केला तर तोच डोळ्यात भरतो.

२३. रंग सुकताना पांढुरका, धुरकट झाला.

हवेत दमटपणा. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव धरतं आणि थरात अडकतं. वन-के रंगांत हे जास्त. मंद उडणारा थिनर वापरा, कोरड्या दिवसाची वाट पाहा. थोडं असेल तर मंद थिनरचा विरळ फवारा मारला की बरेचदा निवळतं.

२४. नवा हात देताच खालचा रंग सुरकुतला.

खाली वन-के किंवा अर्धवट सुकलेला इनॅमल होता आणि वरच्या थिनरने तो फुगवला. सुरकुतलेला भाग तळापर्यंत काढण्याला पर्याय नाही. मग इपॉक्सीचे विरळ हात देऊन खालचा थर बंद करा, तो कडक झाल्यावरच पुढे जा. इनॅमलच्या कॅनवर ‘एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर’ अशी सूचना असते ती याचसाठी. मधल्या वेळात थर अर्धा शिजलेला असतो.

२५. महिन्याभराने चमक उतरली आणि घासल्याच्या रेघा वर आल्या. रंग खराब होता का?

रंग खराब नव्हता, घाई झाली. सर्फेसर किंवा बेस जाड मारून मधे वेळ दिला नाही तर अडकलेला थिनर आठवड्यांनी बाहेर पडतो, थर आकसतो आणि खालच्या रेघांच्या आकारात बसतो. थोडंसं असेल तर पूर्ण कडक झाल्यावर पॉलिशने सुधारतं. जास्त असेल तर ६००-८०० ने घासून पुन्हा क्लिअर.

२६. नवा दरवाजा शेजारच्या भागांशी जुळत नाही. कोड तर बरोबर होता.

मेटॅलिकमध्ये दाब, अंतर, थिनर यांनीही छटा बदलते. म्हणून बेस कोट कडेला कापून संपवत नाहीत, शेजारच्या भागावर थोडा उतरता नेतात आणि क्लिअर मात्र त्या पूर्ण भागावर मारतात. क्लिअरची कड दरवाजाच्या मध्यावर विरवू नका, ती पुढे दिसते आणि सोलते. मोती रंगात बेस, मोत्याचा पारदर्शक थर आणि क्लिअर असे तीन टप्पे असतात, आणि मधल्या थराचे दोन हात की तीन यावर छटा ठरते. एक, दोन, तीन आणि चार हातांची चार कार्डं करून गाडीला लावून पाहिल्याशिवाय हात घालू नका.

२७. दुचाकीच्या टाकीवरचा रंग पेट्रोल सांडलं की विरघळतो.

वर वन-के लॅकर आहे. टाकीला टू-के क्लिअरच हवं (प्रश्न ३ आणि ४). स्टिकर बसवायचे तर बेसवर लावून वरून क्लिअरचे तीन-चार पातळ हात. पहिला हात ओला दिला तर स्टिकरच्या कडा उचलतात. टाकी काढून रिकामी करा, पण रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफच जास्त भडकणारी असते. ठिणगी, ग्राइंडर, हीट गन जवळ नको. सायलेन्सरला हा रंग चालत नाही, त्याला उष्णता सहन करणारा वेगळा रंग लागतो आणि तो तापवल्यावरच पक्का होतो.

२८. बंपरमागे सेन्सर किंवा रडार असेल तर?

पार्किंग सेन्सरची गोल टोपी काढून वेगळी, पातळ रंगवा, तिच्या कडेची फट रंगाने भरू नका. बंपरमागे रडार असेल तर त्याच्या समोरच्या भागात लांबी भरू नका आणि जुन्या रंगावर थरांवर थर चढवू नका. जाडी आणि रंगातले धातूचे कण लहरींना अडवतात. गाडीच्या उत्पादकाने तिथे किती जाडी चालते ते दिलेलं असतं. बंपर काढून परत बसवल्यावर अनेक गाड्यांत रडारचं कॅलिब्रेशन करावं लागतं.

२९. गाडी कधी धुवायची, वॅक्स कधी लावायचं?

रात्रभरात भाग जोडण्याइतका कडक होतो. पहिला आठवडा दाबाच्या पाण्याने धुऊ नका, पक्ष्यांची विष्ठा दिसताच साध्या पाण्याने काढा, गाडीवर आच्छादन घालू नका. वॅक्स आणि सीलंट किमान ३० दिवसांनी, तोवर थर श्वास घेत असतो म्हणजे उरलेला थिनर सोडत असतो. रंगच बदलला असेल आणि नोंदणीपत्रावर रंग लिहिलेला असेल तर तेवढी नोंद बदलून घ्या.

३०. उरलेला रंग आणि हार्डनर ठेवता येतं का?

न मिसळलेला बेस कोट घट्ट झाकून ठेवता येतो. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करतं, उघडलेल्या डब्याचं आयुष्य थोडं. ते गढूळ किंवा दाट झालं तर टाकून द्या. मिसळलेलं टू-के परत डब्यात ओतू नका: ते कडक होतं, आणि ओलावा शिरलेल्या बंद डब्यात वायू साचून डबा फुगतो. उरलेलं उघड्या भांड्यात, घराबाहेर कडक होऊ द्या, मग घातक कचऱ्यात द्या. गन मात्र लगेच धुवा. क्लिअर नोझलमध्ये कडक झालं की सुई आणि नोझल दोन्ही बदलावे लागतात. इनॅमलची फडकी बोळा करून टोपलीत टाकू नका, काही इनॅमलमधलं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.